मधली फळी

माझ्या पॉलिशमध्ये बघून दाढी करता आली पाहिजे, हा माझा नियम. सुरतेत कतारगामपासून पलसाण्यापर्यंत पंचवीस वर्षं लाकडं चमकवतोय. कुणी मॅट म्हणालं की मला त्या गिऱ्हाइकाची कीवच येते.

रामजीकाकांनी नेमकं मॅटच सांगितलं. रेल्वेतून निवृत्त झालेला सरळ माणूस. डिंडोलीतल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी मोठ्या टेबलावर छोटी रेल्वे मांडली होती. रूळ, सिग्नल, बोटभर डबे, आणि मधोमध काका जिथे पहिल्यांदा नोकरीला लागले ते आडबाजूचं स्टेशन. टेबलाखालच्या वायरी झाकायला पुढून वरून सागाचं पातळ विनियर चिकटवलेल्या तीन फळ्या बसवल्या होत्या, त्यांना पॉलिश करायचं होतं. सहा वर्षांची नात निशा सुट्टीला आली होती. तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

"सुपडू, चकाकी बिलकूल नको," काका म्हणाले. "या स्टेशनसमोर तर नकोच."

"का हो काका?"

"नको म्हणलो ना."

मी मान डोलावली आणि मधल्या फळीवर ग्लॉसीच मारलं. नमुना म्हणून. एकदा झळाळी बघितली की भलेभले पाघळतात. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला फळीत ट्यूबलाइट सरळ, जराही न थरथरता उमटली होती. मी स्वतःवरच खूश झालो.

निशा फळीसमोर मांडी घालून बसली. वर गाडी गोल गोल फिरत होती, पण पोरगी तिच्याकडे बघेना. फळीतल्या स्वतःकडे बघून हसत होती.

"अंकल, ही छोकरी तर उभी आहे," ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. निशा बसली होती. फळीतली निशा उभी होती, गाडीची वाट बघणाऱ्या प्रवाशासारखी. पॉलिशचा नवा कोट, तिरका उजेड, असं होतं कधीकधी. कधी झालं होतं ते मात्र आठवेना.

स्वयंपाकघरातून निशाच्या आजीनं, केशरबाई काकूंनी, हाक मारली. निशा उठून जेवायला पळाली.

फळीतली गेली नाही.

मी फळीसमोर हात नेला. माझा हात दिसला. हाताच्या मागे पिवळ्या फ्रॉकमधली ती. तिच्या मागे आम्ही होतो ती खोली नव्हती, नुसता फलाट होता. मी हात झटकन मागे घेतला, खोटं कशाला सांगू?

रामजीकाका दारात उभे होते. चेहरा पांढराफटक.

"तुला सांगितलं होतं," ते म्हणाले. "त्या स्टेशनासमोर चकाकीत उमटलेलं माणूस तिथंच अडकतं. घासून काढ. आत्ताच्या आत्ता."

घासणं म्हणजे माझ्या हातचा मळ. जाडा पॉलिशपेपर घेतला. आधी पाय गेले, मग फ्रॉक. चेहऱ्यापाशी हात अडखळला. ती माझ्याकडे बघत होती.

"थांबू नको."

मी घासलं. दहा मिनिटांत फळी कोरी झाली. मग तिन्ही फळ्यांना मॅटचा हात दिला. दुपारपर्यंत वाळल्या. त्यांत काहीच दिसेना.

आत निशा आजीला चिडवत खिदळत होती. काकांनी तिला जवळ ओढलं, डोक्यावरून हात फिरवत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पोर वाचली, सुपडू."

मलाही हायसं वाटलं. चूक माझी होती, निस्तरलीही मीच. असा विचार करत हात धुतले, सामान पिशवीत भरलं.

निघताना आतल्या खोलीचं दार उघडं दिसलं. कपाटाच्या आरशासमोर स्टुलावर बसून काकू निशाची वेणी घालत होत्या. मान खाली, लक्ष सगळं केसांत. निशा त्यांच्या गुडघ्यांत बसून गुणगुणत होती.

मी सहज आरशात पाहिलं.

आरशात काकू एकट्याच होत्या. त्यांच्या बोटांपुढे, हवेतच, लाल रिबिनीचं फूल बांधलं जात होतं.