जागेश्वरच्या पोटातलं रक्त

"सासऱ्याले मी जहर देऊन राहिली म्हणते सासू! तुम्ही शोधा. मी काही पळून जाणारी नाही."

मेघा पवनीजवळच्या गावाहून आली होती आणि भंडाऱ्याच्या खासगी गुप्तहेर उषाबाईंसमोर ताठ उभी होती. सासरे जागेश्वर इथल्याच इस्पितळात. शौचातून रक्त जातंय, वरून-खालून दुर्बीण घातली तरी जागा सापडत नाही. सासू पोलिसांत जायला निघालेली.

उषाबाई मेघाबरोबर इस्पितळात पोचल्या, सोबत त्यांचे मदतनीस यादोराव. भला माणूस, पण डोक्यात प्रकाश उशिरा पडणारा.

बाकावर सासू पुष्पाबाई पदराची गाठ चाचपत बसल्या होत्या.

"डबा कोण आणतं?" उषाबाईंनी विचारलं.

"हीच! रोज आणते. मधात रक्त थांबलं होतं. मी गावाले जाऊन काल आली, आज पाहा, पुन्हा सुरू!"

"तुम्ही काही औषध देता?"

"एक गोळी नाही! डॉक्टरलेही तेच सांगितलं."

मेघाचा नवरा विनोद खाली मान घालून बोलला, "बाबाचे गुडघे गेले. तरी यंदा धानाच्या रोवणीले दिवसभर वाकून होते. रक्त तवाच सुरू झालं. इथं आल्यावर उचलून न्या लागे. काल मात्र आपल्या पायानं चालले."

"म्हणजे बरे होताहेत!" यादोराव खूश.

"आणि बायकोच्या बाजूनं काही बोलला का रे?" उषाबाईंनी विचारलं. विनोदची मान आणखी खाली गेली.

इतक्यात वॉर्डातून सर्जनबाई आल्या. म्हणाल्या, "आता एकच उपाय. पोट उघडून लहान आतड्यातच दुर्बीण घालायची."

"माह्या माणसाले कापू नका!" पुष्पाबाई ओरडल्या.

"उघडा पोट," मेघा म्हणाली. "काय हाय ते सगळ्याईले दिसू द्या." विनोदनं मुकाट्यानं सही केली.

ऑपरेशननंतर सर्जनबाई बाहेर आल्या. "सापडलं! दुर्बिणीचा उजेड आतड्यातून दिसावा म्हणून खोलीतले दिवे मंद केले, आतडं दुर्बिणीवर हातानं हळूहळू सरकवत नेलं. मधोमध जखमा होत्या आणि आतडं अंगठी घातल्यासारखं आवळलेलं. तेवढा भाग काढला. जीव वाचला."

"अशा अंगठ्या कशानं होतात?" उषाबाईंनी विचारलं.

"बहुतेक वेळा दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्यानं."

"पण गोळी तर एकही नाही!" यादोराव चक्रावले.

उषाबाई वळल्या. "पुष्पाबाई, पदराची गाठ सोडा."

गाठीतून तपकिरी भुकटीची पुडी निघाली.

"डबा रोज येत होता, तरी रक्त थांबलं होतं," उषाबाई म्हणाल्या. "मग डब्याचा काय दोष? रोवणीत गुडघे चालले, रक्त गेलं. इथं पुडी संपली, गुडघे आखडले, रक्त थांबलं. काल तुम्ही गावाहून नवी पुडी आणली. ते चालले आणि आज पुन्हा रक्त. या भुकटीत गोळ्या कुटून घातल्या असणार. तपासून घेऊ."

पुष्पाबाई म्हणाल्या, "ते औषध नोहे वो, झाडाची मुळी हाय. बाजारातला वैदू म्हणे, कोणाले सांगितलं का गुण जाते. म्हणून तोंड शिवून बसली मी, त्याईलेही बोलू दिलं नाही." त्यांनी सुनेचा हात धरला. "मेघा, चुकलं माह्यं."

मेघानं हात सोडवला नाही, पण आवाजही खाली आणला नाही.

"आई, इथं नाही. गावच्या चौकात मले जहर देणारी म्हटलं ना? तिथंच उभ्या राहा आन हेच सांगा. बाबा घरी आले का सयपाक मीच करीन."

पुष्पाबाईंनी मान हलवली. विनोद पहिल्यांदा उठून बायकोशेजारी उभा राहिला.

"आता काहून आला?" मेघा म्हणाली. "चौकात ये."