भोकाचं ताट

एका हातात चपला, दुसऱ्या हातात हजेरीपट आणि पाय घोट्यापर्यंत प्रवरेच्या गाळात — अशा अवतारात मी अंगद बर्डेला पहिल्यांदा भेटले. जाळं झटकता झटकता तो हसला.

“अंगणवाडीच्या दिपालीबाई ना? मासे मोजाया आल्या का पोरं?”

“पोरं! भिल्लवस्तीतली सातही जणं आठवडाभर गायब आहेत. तुमची भाची पंकजासुद्धा.”

त्याचं हसू मावळलं. “तुमी तिला भोकाच्या ताटात खिचडी दिली.”

त्या दिवशी ताटं कमी पडली होती, म्हणून मागच्या भिंतीच्या खिळ्यावरचं एक धुऊन घेतलं. काठाला भोक होतं, पण त्यात काय एवढं?

“ते माझं ताट हाय, बाई. आमी लहान हुतो तवा आमची ताटं निराळी. भोक पाडून भाईर टांगायची, गावच्या पोरांच्या ताटात मिसळू नये म्हून. माझी आई पंकजाला न्यायला आल्ती, तिनं ते वळखलं. आता वस्ती पोरं धाडनार न्हाई.”

माझा चेहरा खर्रकन उतरला. नोकरी लागून जेमतेम महिना झाला होता. पण खरं सांगते, नोकरीच्या काळजीपेक्षा त्याच्या त्या नजरेनंच मला जास्त छळलं.

मग मीच रोज वस्तीवर जाऊ लागले. बाभळीखाली अंगद पोरांना भिल्ली गाणी शिकवायचा. मी चुकीचं म्हटलं की पोरं हसून लोळायची आणि तो... तो नुसता बघायचा.

“अंगणवाडीत येऊन शिकवा ना,” मी एकदा धीर केला.

“त्या खिळ्याखाली?”

“खिळा मी काढते.”

“खिळा निघंल. भोक कुनी पाडलं, ते कोन सांगनार?”

घरी येऊन आईला विचारलं, कारण अंगदच्या लहानपणी अंगणवाडीत तीच मदतनीस होती. भाकरी थापणारा तिचा हात थांबला.

“म्याच,” ती म्हणाली. “ते पोरगं लई रडलं हुतं गं.”

दुसऱ्या दिवशी अंगदला सगळं सांगून टाकलं. प्रेमात पडले होते मी. लपवून कसं चाललं असतं?

त्यानं जाळं खांद्यावर टाकलं. “तुमच्या आईनं हे गावापुढं म्हनावं. मग बघू.” आणि मागं वळूनही न बघता गेला. त्या दिवशी मला घास गोड लागला नाही.

त्याचं म्हणणं मी आईला सांगितलं आणि पालकसभेचा निरोप वस्तीवर धाडला. सभेला निम्मं गाव जमलं. अंगद पोरांना घेऊन आला खरा, पण दाराबाहेरच थांबला. आई उठली.

“ते भोक म्या पाडलं. गाव म्हनलं म्हून पाडलं, पर हात माझा हुता. अंगद, चुकले रे बाबा.”

कुणी खाकरलं, कुणी उठून गेलं. अंगद ‘असू द्या’ म्हणाला नाही. पण पंकजाचं बोट धरून आत आला आणि पोरांच्या खिचडीच्या पंगतीत मधोमध बसला.

मी तेच ताट घेतलं, खिचडी वाढली आणि त्याच्यासमोर बसून पहिला घास खाल्ला.

“एका ताटात नवरानवरी जेवत्यात,” तो हळूच म्हणाला. “मी हात घातला तर... दिपाली?”

‘बाई’ गळून पडली होती.

“घाला ना... मी वाट बघतेय.”

त्याचा हात ताटात आला. सभेत कुजबुज सुरू झाली. मी मान वर केली, तर आई डाव घेऊन आमच्याकडंच येत होती.

“दोघांना एवढी कशी पुरंल?” असं म्हणून तिनं त्याच ताटात आणखी एक डाव खिचडी वाढली.