टाकीत घेतलेलं गाणं

दुपारी दोनच्या सुमारास थोरला भाऊ धाकट्या बहिणीला घेऊन मामाकडे किल्ली मागायला गेला. काम साधंच होतं. तो गिटार वाजवायचा आणि गायचा, धाकटी ड्रम वाजवायची. ब्लूज-रॉकचा बँड म्हणजे ही दोनच माणसं, कारण फुकट वाजवायला तिसरा कोणी तयार नव्हता. सहा गाणी त्यांनी घरीच, भिंतींना गाद्या टेकवून रेकॉर्ड केली होती. सातव्याला मात्र घुमणारा आवाज हवा होता. स्टुडिओ परवडणारा नव्हता. मामा ज्या रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर होता तो आता बंद पडला होता, आणि तिथली जमिनीखालची कोरडी पाण्याची टाकी फुकटात घुमत होती.

मामाने किल्ली दिली, पण आधी कॉलेज सोडल्याबद्दलचं व्याख्यान दिलं. दोघांना ते तोंडपाठ होतं. निघताना तो एवढंच म्हणाला, की टाकीचं झाकण लावू नका. का, असं विचारल्यावर उखडला. मोठ्यांनी सांगितलं की ऐकायचं, फाटे फोडायचे नाहीत. घरातली मोठी माणसं सगळी अशीच. उपदेश पोतंभर, कामाची गोष्ट चिमूटभर, आणि तीही अर्धी गिळलेली.

टाकी दोन पुरुष खोल होती. ड्रम एकेक करून लोखंडी शिडीवरून खाली उतरवले. माईक एकच, तो खाली टांगला. त्याची वायर टाकीच्या तोंडाच्या कडेला असलेल्या खाचेतून वर आली आणि वर रेकॉर्डर घेऊन थोरला बसला. आधी ड्रम, मग त्यावर गिटार, असं ठरलं होतं.

पहिल्या टेकमध्ये ट्रकचा भोंगा शिरला. दुसऱ्यात कुत्रं. मग धाकटी खालून वैतागून म्हणाली, "लाव रे ते झाकण. मामाला भिऊन गाणं नासवायचंय का?"

मध्येच काही लागलं तर तिने शिडी चढून आतून तीनदा ठोकायचं, असं ठरवून झाकण लावलं, तर ड्रमच्या प्रत्येक दणक्याला ते खडखडायला लागलं. तेव्हा थोरल्याने गाण्याच्या नादात वाया गेलेल्या माणसालाच सुचेल असा उपाय केला. खडखड दाबायला तो झाकणावर जाऊन बसला.

हेडफोनमध्ये ठोका आला आणि त्याच्या अंगावर काटा आला, तो आधी आनंदाचा होता. धाकटी इतकं छान कधीच वाजवू शकली नव्हती. जड, संथ, किंचित मागे रेंगाळणारा ठोका. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. आणि मग त्याला बुडाखाली काहीतरी जाणवलं.

ठक. ठक. ठक.

ड्रम चालूच होता. दोन्ही हात, दोन्ही पाय, सगळं जागच्या जागी. म्हणजे धाकटी खाली होती, माईकसमोर. मग शिडीवर...

पुन्हा तीन ठोके, जोरात. ऊन टळटळीत होतं. खाचेतून ओल्या गंजाचा वास यायला लागला, त्या कोरड्या ठणठणीत टाकीतून. मग झाकण वर ढकललं गेलं, बोटभर. त्याने दोन्ही हातांनी कडा धरल्या आणि सगळं वजन खाली दाबलं. उघडलं तर ते जे काही होतं ते बाहेर येणार. नाही उघडलं तर ते आत बहिणीसोबत राहणार. हे कळत होतं, पण अंग ऐकत नव्हतं. ठोके आता तीन-तीनचे राहिले नव्हते. नुसती आपटाआपट चालली होती, आणि तीही हळूहळू मंदावत गेली.

त्याने हेडफोन ओरबाडून काढला. झाकणाखालून, अगदी जवळून, घुसमटलेला आवाज आला, "दादा..."

त्याने झाकण उचललं. शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर धाकटी होती. तोंड गंजाने माखलेलं, बोटं सोलवटलेली. त्याने बखोटीला धरून तिला बाहेर ओढलं.

"उघडलं का नाहीस?"

"तू वाजवत होतीस ना..."

"मी दुसऱ्या कडव्यालाच थांबले. कुणीतरी काठ्या घेतल्या... माझ्या हातातून."

खाली अंधारात ड्रम चालूच होता.

सगळं तिथेच टाकून दोघं पळाली.

संध्याकाळी थोरल्याने मामाला खिंडीत गाठलं, तेव्हा मामाच्या पोटातलं ओठावर आलं. आठ वर्षांपूर्वी दोन माणसं गंज खरवडायला टाकीत उतरली होती. कुणीतरी झाकण लावलं. आत घण वाजत होते. "ठोकल्याचा आवाज येत होता," मामा म्हणाला, "आम्हाला वाटलं काम चाललंय." झाकण कुणी लावलं, असं थोरल्याने दोनदा विचारलं. मामाने चहात बिस्किट बुडवलं, ते तुटून पडलं, आणि तो खाली मान घालून ते चमच्याने काढत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला एकटाच जाऊन रेकॉर्डर घेऊन आला. खाली बघायची त्याची छाती झाली नाही. नजर दुसरीकडे ठेवूनच त्याने पायाने झाकण टाकीच्या तोंडावर लोटून दिलं.

घरी स्वयंपाकघरात, उन्हात बसून, एकेक हेडफोन कानाला लावून दोघांनी ते ऐकलं. गाण्याचा ड्रम होता, अगदी शेवटपर्यंत. झाकणावरचे ते ठोके मात्र कुठेच नव्हते. मध्येच झाकण उचलल्याचा खणखणाट, दोघांचे पळते पाय, आणि ड्रम थांबल्यावर बराच वेळ काहीच नाही. थोरला बंद करायला गेला, तेवढ्यात माईकच्या अगदी जवळून आवाज आला. धाकटीचा, दमलेला.

"झालं, दादा. टेक मस्त झाला ना?" थोडं थांबून, "दादा... मी खाली आहे अजून. तू कुणाला घेऊन गेलास?"

थोरल्याने हळूच मान वळवली.

धाकटीने कानातून हेडफोन काढला आणि वायरची नीट गुंडाळी केली.

"गाणं छान झालंय," ती म्हणाली. "शेवटचं तेवढं कापून टाक."