काचेखालचे धागे

सेहेचाळीस साल. सांगलीच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकत होते. त्या दुपारी विसरलेली वही घ्यायला प्रयोगशाळेत गेले, तर खिडकीपाशी एक अनोळखी तरुण सूक्ष्मदर्शकावर वाकलेला.

"बघायचंय?" मान वर न करताच त्यानं विचारलं.

तो रायगोंडा पाटील, आमचे प्रयोग घ्यायला आलेला नवा डेमॉन्स्ट्रेटर. मी बिचकत डोळा लावला. दगडाच्या पातळ, पिवळसर चकतीत धागे गुंतले होते... केसाहून नाजूक.

"निळं-हिरवं शेवाळ. तीस-चाळीस कोटी वर्षांपूर्वीचं, स्कॉटलंडच्या दगडातलं. जमिनीवर झाडं अजून वीतभरच होती, तेव्हा हे त्यांच्या पायाशी ओलीत पसरायचं."

"आमच्या मळ्यात पाटाच्या कडेला असतं, तसं?"

"तसंच. लय बदललं नाही ते." तो हसला. "तुम्ही मात्र बदललात. डोळा लावलात तेव्हा केवढ्या घाबरला होतात."

मी लाजले, पुन्हा वाकले. नीट दिसेना म्हणून नळी खाली फिरवली — आणि कट्ट.

चकतीवरची काच तडकली होती.

त्याचं हसू मावळलं. ती चकती लखनौच्या विद्यापीठातून थोड्या दिवसांच्या बोलीवर आली होती, सोमवारी परत पाठवायची होती. तिथंच त्यानं संशोधनासाठी अर्ज केला होता.

"माझ्या हातून फुटली असं कळवतो," तो म्हणाला.

"नको. मी कळवीन. माझ्या नावानं."

त्यानं चकती सूक्ष्मदर्शकाखालून काढली. मग हळूच म्हणाला, "आधी दगड वाचलाय का बघू."

चकती दोन काचांमध्ये राळेनं चिकटवलेली. राळ ऊन करून फुटकी काच उचलायची; जास्त तापलं की चकतीही जायची. मी स्पिरिटचा दिवा धरला. ज्योत एका जागी राहीना. त्यानं माझ्या मनगटाखाली आपला तळहात ठेवला, काच सुटेपर्यंत काढला नाही.

मग कितीतरी वेळ तो नळीतून बघत होता.

"आहेत," तो म्हणाला. "सगळे धागे आहेत, त्रिशला."

माझं नाव त्याला ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं.

नवी काच बसवून चकती गेली, सोबत माझं पत्रही. मग रोज वाट बघणं. रोज तो दारातूनच मान हलवायचा — उत्तर नाही. माझ्या कबुलीनं त्याची लखनौची जागा गेली तर?

अकराव्या दिवशी तो पाकीट घेऊन आला. "चकती शाबूत पोचली. मला जूनमध्ये बोलावलंय."

"बरं झालं," मी म्हणाले. जून दीड महिन्यावर होता.

"तुमच्या वडिलांना भेटायला येऊ का? या रविवारी?"

"रविवारी तासगावची माणसं यायची आहेत... मला बघायला."

तो पाकीट नुसतं उलटसुलट करत राहिला.

"मग शनिवारी या," मी म्हणाले.