डावीकडची काच

या, जरा जवळ सरकून बसा. अनीश माझ्या चुलतभावाचा मुलगा. मोजकं बोलणारा, खोटं तर मुळीच नाही. हे त्यानं मला एकदाच सांगितलं. पुन्हा विषय काढला तर उठून जातो.

गेल्या त्रिपुरी पौर्णिमेनंतरची दुसरी रात्र. अनीश आईला घेऊन मांडव्याला बोटीतून उतरला. आनंदीबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आदल्या दिवशी मुंबईत झालेलं. डाव्या डोळ्यावर पट्टी. वारा नको, धूळ नको, पाण्याचा थेंबही नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. धक्क्यावर लावलेली गाडी काढायची आणि आईला काशीदला घरी न्यायचं, एवढंच काम.

गाडी जुनी, दोन मालक पाहिलेली. तिची डावीकडची काच मनात येईल तेव्हा वर जाई, मनात येईल तेव्हा सटकन खाली. अनीशनं फ्यूज बदलला, बटण बदललं. दाराच्या बिजागरीपाशी वायरी तुटतात असं ऐकून तिथला रबर सोलून पाहिला. वायरी धडधाकट. गॅरेजात नेली की काच शहाण्यासारखी वागायची. "मोटर मस्त आहे, साहेब," म्हणून ते परत पाठवायचे.

एक गोष्ट मात्र त्यानं त्यांनाही सांगितली नव्हती. कोरडी काच खाली गेली की वर येताना ओली यायची. पाणी नव्हे. चिकट, तार धरणारं. गुरानं चाटल्यासारखं. आणि वास... आजारी माणसाच्या तोंडाला सकाळी येतो, तसा. अनीश म्हणजे दुसऱ्याच्या उष्ट्या भांड्याला हात न लावणारा. तो काच पुसायचा, फडकं फेकून द्यायचा आणि हात लाल होईपर्यंत धुवायचा.

रेवदंड्याचा पूल ओलांडला आणि काच सटकली.

"अनीश, वारा लागतोय रे डोळ्याला," शेजारी बसलेली आई पदर धरत म्हणाली.

त्यानं गाडी कडेला घेतली. बटण दाबलं. मोटर घरघरली, काच चार बोटं वर आली... आणि कुणी आतून धरून ओढावी तशी खाली गेली. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. बऱ्याच खटाटोपानं एकदाची वर चढली. तिच्यावरून लाळ गळत होती. श्वास रोखून त्यानं दाराचं कव्हर उचकटलं, मोबाईलच्या उजेडात मोटरचा प्लग शोधला आणि खेचून काढला. आता करंटच नाही. काच आहे तिथंच राहणार.

"झालं आई. आता हलायची नाही."

बोर्ली मागे पडली. आईनं काचेला डोकं टेकलं. तिचा डोळा लागला. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

आधी वास आला.

मग आवाज. मोटरचा नव्हे. लप्... लप्... कुत्रं पाणी पितं ना, तसा.

"अनीश..." आई झोपेतच बोलली, "पट्टी कशानं पुसतोयस?"

त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

त्यानं ब्रेक मारला. काच अर्धी खाली उतरलेली. बाहेर कुणी नाही. पट्टीचा कापूस भिजून लोंबत होता, आईच्या गालावरून तार ओघळत होती. चिकटपट्टीचं एक टोक सुटलं. मग दुसरं... सोडवणारं कुणी दिसत नव्हतं.

"आई, इकडे हो!"

"मान हलत नाही रे..."

अनीशनं विचार केला नाही. केला असता तर जमलंच नसतं, असं तो म्हणतो. त्यानं आईच्या अंगावरून हात घातला आणि काच जिथून दारात उतरते, त्या फटीत अंगठा खुपसला.

आवाज थांबला.

मग अंगठ्याला ऊब लागली. ओली ऊब. दात नव्हते. हिरड्या होत्या. जीभ होती, खरखरीत... ती चोखू लागली. तान्हं मूल चोखतं तशी. मन लावून.

अनीश ओकला. स्वतःच्या मांडीवर ओकला. पण हात काढला नाही. दुसऱ्या हातानं आईला ओढून घेतलं, तिचा चेहरा छातीशी दाबून धरला. किती वेळ गेला, त्याला सांगता येत नाही.

हळूहळू... काच वर येऊ लागली. प्लग सुटलेला, खाली लोंबतोय. आणि काच वर येतेय. तिनं अंगठा बाहेर ढकलला आणि बंद झाली.

डोळा वाचला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावून पट्टी बदलली, पण आत काही बिघडलं नव्हतं. आनंदीबाई आता सुईत दोरा ओवतात. त्या रात्रीचं त्यांना काही आठवत नाही. गाडी अनीशनं भंगारात घातली. दार तोडताना समोर उभा राहिला. आत काही निघालं नाही.

परवा रेशनच्या दुकानात तो माझ्या पुढे होता. मशीनवर अंगठा ठेवला, मशीन घेईना. शर्टाला खसाखसा पुसून पुन्हा ठेवला. घेईना. दुकानदारानं त्याचा हात धरून उजेडात नेला... आणि पटकन सोडला.

मीही पाहिलं. अंगठ्यावर एकही रेष नव्हती. गोटीसारखा गुळगुळीत.

आत्ताच पुसलेला... तरी ओला.