टेपचं दुसरं टोक

जिल्हा कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्याच बाकावर जागा होती, म्हणून तो शेजारी बसला. आप्पा वकिलांशी बोलत होते. त्याने फुटाण्याची पुडी पुढे केली आणि मीही निर्लज्जपणे हात घातला! नाव वाल्मीक, सातपूरच्या कारखान्यात फिटर. त्यांच्या कामगार सोसायटीविरुद्ध कुणी खडूस मास्तर अपिलात गेला होता... उंची जास्त आहे, तिसरा मजला पाडा म्हणून. मी म्हटलं, आमच्याही शेजारी कुणी आडदांड लोक इमारत चढवतायत, अंगणातलं ऊन पार गेलं.

तेवढ्यात पट्टेवाल्याने पुकारा केला. आम्ही दोघंही उठलो.

"खडूस मास्तर माझे वडील," मी म्हटलं.

"आणि आडदांड मी," म्हणत तो चक्क हसला. असल्या वेळी हसणाऱ्या माणसाचा राग यायला हवा होता. नाही आला.

मग प्रत्येक तारखेला आप्पांचा डबा मीच न्यायला लागले. आईला वाटे, पोरीला बापाची केवढी काळजी! तिसऱ्या मजल्यावरच वाल्मीकचं घर होतं. पत्र्याच्या खोलीतून आईला तिथे आणायचं, एवढंच त्याचं स्वप्न. अपील आप्पांनी जिंकलं तर ते घर पडणार होतं. आप्पा हरावेत असं मला वाटायचं, आणि मग जेवताना त्यांच्याकडे बघवत नसे.

शेवटी उंची मोजायला कोर्टाने कमिशनर पाठवला. टेप धरायला दोन्हीकडचा एकेक माणूस हवा होता. आप्पांचे गुडघे दुखत होते, ते बाजूला खुर्चीवर होते, म्हणून खाली मी बसले. वर गच्चीच्या कडेला वाल्मीक, आकडा वाचायला त्याच्याजवळ कमिशनर. माझं टोक जरासं उचललं असतं तर उंची तेवढीच कमी भरली असती... माझा हात उचललाही गेला.

वरून तो म्हणाला, "मंदाताई, टोक जमिनीला टेकवा. मला घर हवंय, पण असं नको."

मी टेकवलं. ताई म्हणाल्याचा राग आला तो वेगळाच.

उंची नियमात बसली. आप्पांनी गच्चीवरची पाण्याची टाकीही मोजली होती. नियमात ती धरत नाहीत. आप्पांनी आकडा पुन्हा एकदा तपासला, मग म्हणाले, अपील मागे घेतो. मला एकदम रडूच आलं. इतकं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

शेवटच्या तारखेला वाल्मीक व्हरांड्यात थांबला होता.

"घर वाचलं," तो म्हणाला, "पण आता तारखा नाहीत. तुम्ही दिसणार कशा?"

"ताईला कशाला बघायचंय?"

"आप्पांसमोर दुसरं काय म्हणू?" तो पार लाजला. "मंदा... त्या घरात याल का? कायमच्या?"

"येईन," मी म्हटलं. "पण आप्पा आधी नाहीच म्हणतील."

"मग अपील करू."

अपिलाची वेळ आली नाही. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि एवढंच विचारलं, "म्हणजे इतके दिवस कोर्टात माझा डबा येत होता, तो याच्यासाठी?"