चाळीस दिवसांची मुदत

हेमंत शेटेची बायको रोहिणी गेली, त्याच्या तिसऱ्या दिवशी त्याने तिचं कपाट आवरलं. साड्या एका पिशवीत, औषधं दुसऱ्या पिशवीत. तिचे तीन चष्मे त्याने पुसून डब्यांत घातले. कुर्डुवाडीत स्टेशन रोडला त्याचं चष्म्याचं दुकान होतं, काचा पुसायची हाताला सवय होती. मग त्याने वांगी चिरली, फोडणी दिली आणि भाजी उतरवताना मीठ चाखून पाहिलं. बरोबर पडलं होतं.

बाहेरच्या खोलीत त्याचे वडील दिगंबर अण्णा रडत होते. एस.टी.त कंडक्टर म्हणून अख्खी नोकरी केलेला एकोणऐंशी वर्षांचा माणूस तोंडाला पंचा लावून हुंदके देत होता.

"अण्णा, जेवून घ्या."

"भाकरी तव्यावरून उतरली की हाक मारायची रे ती मला," अण्णा म्हणाले. "या अण्णा, पापुद्रा आलाय. असं म्हणायची."

"हो," हेमंत म्हणाला. त्यालाही ते आठवत होतं, अगदी आवाजासकट. आठवून काही होत मात्र नव्हतं. त्याने ताट अण्णांपुढे ठेवलं आणि स्वतः जेवायला बसला.

साथीचं ते दुसरं वर्ष होतं. बाजार बंद झाले, शाळा बंद झाल्या, गल्ल्यांच्या तोंडाला फाटकं बसली, तरी साथ हटेना, तेव्हा तज्ज्ञांच्या एक गोष्ट लक्षात आली. रोग पसरत होता तो मयतीच्या घरांतून. एरवी सगळे नियम पाळणारी माणसं घरातलं कुणी गेलं की भान सोडायची. दारं उघडायची, एकमेकांच्या गळ्यात पडायची आणि पंधरा दिवसांत त्याच घरातून आणखी दोघं जायची. दारात पोलीस उभे करून पाहिले. पोलीसही रडायला लागायचे.

मग 'विरामक' आलं. नाकात दोनदा मारायचा साधा फवारा. माणसाची आठवण आणि त्या आठवणीने जिवाची होणारी कालवाकालव, यांच्या मेंदूतल्या वाटा वेगळ्या असतात. विरामक त्या दोन वाटांमधला सांधा काही दिवस बंद ठेवायचं. आठवण जागेवर राहायची, फक्त छातीपर्यंत पोचायची नाही. मुदत चाळीस दिवसांची. सोबतच्या पत्रकावर ठळक अक्षरांत छापलेलं असायचं: दुःख नाहीसं होत नाही, पुढे ढकललं जातं.

आरोग्यसेविका नसीम पटेल उपचार केंद्रातून रोहिणी गेल्याची बातमी आणि फवारा एकदमच घेऊन आली होती. काय झालंय ते सांगितल्याशिवाय द्यायचं नाही असा नियम होता, म्हणून तिने आधी बातमी सांगितली. हेमंत ओरडला होता, भिंतीवर डोकं आपटलं होतं. ते त्याला नीट आठवत होतं, शेजारच्या माणसाचं आठवावं तसं. नंतर त्याने मान डोलावली, नसीमने दोन फवारे मारले आणि अर्ध्या तासाने तो तिला विचारत होता की दाखल्यावर 'शेटे'चं स्पेलिंग बरोबर आहे ना.

अण्णांनी मात्र पंचा नाकावर घट्ट दाबून धरला होता. "माझी सून गेलीय. मला कळू दे नीट." पंचाहत्तरीपुढच्या माणसांना नकार देता येत होता. नसीमने वहीत तशी नोंद केली.

नवव्या दिवशी सकाळी अण्णा घरात दिसेनात. हेमंत मुखपट्टी लावून बाहेर पडला, तर ते गल्लीच्या फाटकाशी काठी टेकून उभे होते. पलीकडचा स्वयंसेवक त्यांना हात जोडत होता.

"मला स्मशानात जाऊ द्या," अण्णा सांगत होते. "लांब उभा राहतो. पण ती जागा तरी बघू द्या. एकटीला जाळली हो तिला. घरचं एक माणूस नव्हतं."

"अण्णा, चला," हेमंत म्हणाला. "कुणालाच सोडत नाहीत. नियम आहे."

"नियम मलाही कळतो. तीस वर्षं लोकांना नियम सांगत फिरलोय." अण्णांनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तू कसा आहेस रे पण? तिचा नवरा ना तू?"

हेमंतने उत्तर शोधून पाहिलं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर माणूस जिभेने आपलाच गाल चाचपतो, तसा तो गेले काही दिवस स्वतःला चाचपून बघत होता. रोहिणीचं हसणं आठवायचं. तिचे ताप चढलेले डोळे आठवायचे. आठवून झाल्यावर उठायचं आणि टाकी भरली का ते बघायचं.

"मी बरा आहे," तो म्हणाला आणि अण्णांचा हात धरून त्यांना घरी घेऊन आला.

त्या दिवशी संध्याकाळी अण्णा ओट्यावर बसून रडले. सामान आणायला संध्याकाळी एक तास मोकळीक असायची. समोरच्या घरातली ज्योती बोबडे पिशवी घेऊन निघाली होती, ती दुधाच्या टपरीकडे न जाता अण्णांच्या ओट्यासमोर रस्त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या गोलात येऊन उभी राहिली. तिची आई त्याच आठवड्यात गेली होती. ज्योतीनेही फवारा घेतला होता.

"अण्णा, आमची आई तुमच्या गाडीने यायची माढ्याहून. आठवतेय का?"

"गजराबाई? तिला कोण विसरेल? पिशवीत पेरू असायचे. एक माझ्या हातात कोंबल्याशिवाय उतरायची नाही."

"ती गेली, अण्णा. मला रडायला येत नाही."

अण्णा बघतच राहिले. मग त्यांचा चेहरा आकसला आणि ते गजराबाईसाठी रडायला लागले, पेरूंबद्दल बोलत, तिच्या गुडघ्यांबद्दल बोलत. ज्योती गोलात सरळ उभी होती, डोळे कोरडे. एक मिनिटभर तिने ऐकून घेतलं.

"बरं वाटलं का?" हेमंतने तिला विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नाही, हेमंतदादा. पण कुणीतरी रडलं."

दुसऱ्या दिवशी त्या वेळेला गोलांत तिघं उभी होती. आठवड्याभरात पार कोपऱ्यापर्यंत लोक. कुणी मुखपट्टी काढायचं नाही, कुणी गोल सोडायचं नाही. एकेक जण पुढच्या गोलात यायचा आणि आपल्या माणसाबद्दल सांगायचा: नाव, काय खायचा, कशावरून चिडायचा. एका बाईने नुसतं मुलीच्या फ्रॉकचं माप सांगितलं. अण्णा ऐकायचे आणि रडायचे. हेमंत त्यांच्याजवळ पाण्याचा तांब्या घेऊन बसायचा आणि पुढच्याला खूण करायचा.

हे कळवायला हवं होतं, कारण जमाव तो जमावच. रोज फेरीला येणारी नसीम फाटकापाशी थांबून सगळं बघायची. एकदा हेमंतने विचारलं, "तुम्ही वर कळवलंत का?"

"गोलात उभे आहेत ना सगळे?" ती म्हणाली. "मग काय कळवू?"

अण्णा मात्र झिजत चालले होते. आवाज बसला. जेवण अर्ध्यावर आलं. हेमंत त्यांना वेळच्या वेळी गोळ्या द्यायचा, मऊ खिचडी करायचा, त्यांच्या रक्तदाबाचे आकडे लिहून ठेवायचा. "आज नको, अण्णा," असं तो दोनदा म्हणाला. अण्णा म्हणाले, "लोक उभे आहेत रे," आणि ओट्यावर जाऊन बसले.

अठ्ठावन्नाव्या दिवशी गल्लीचं फाटक काढलं. नवे रुग्ण थांबले होते. चाळिसावा दिवस उलटल्यावर हेमंतला रोज वाटे की आज काहीतरी होईल. काहीच झालं नाही. त्याने दुकान उघडलं, पाच जणांचे नंबर तपासले. गावात पुन्हा रांग लागली होती, पण ती आरोग्य केंद्रासमोर. ज्यांना हवा त्यांना दुसरा फवारा मिळत होता. एवढ्या माणसांचं दुःख एकाच वेळी परत आलं तर काय होईल, या धास्तीने प्रशासनानेच तो देऊ केला होता. रांगेत ज्योतीही होती.

दुपारी नसीम घरी आली. आता नियम नव्हता, तरी ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "हेमंतभाऊ, तुमचा दुसरा आणलाय."

"पहिल्याचंच अजून उतरलं नाही."

नसीमने बाटली पिशवीतून काढून हातात धरली. मग म्हणाली, "सोलापुरात याची चाचणी झाली तेव्हा मी घेतला होता. आमचे हे गेले तेव्हा. एकच डोस. त्याला अकरा महिने झाले."

"मग?"

"पत्रकात लिहिलंय, पुढे ढकललं जातं. किती पुढे, ते लिहिलेलं नाही. मी वर विचारलं. त्यांनाही माहीत नाही."

आत खाटेवर पडलेले अण्णा कोपर टेकून उठून बसले. "नसीम, ये पोरी, आत ये. तुझ्या माणसाचं नाव काय होतं?"

"नको अण्णा. तुमच्यात आता ताकद नाही." ती दाराच्या चौकटीला टेकली. "शिवाय तुम्ही रडलात तरी ते तुमचंच असतं. रोज फाटकाशी उभी राहून बघितलंय मी."

हेमंतने तिच्या हातातली छोटी बाटली घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. "मला नको," तो म्हणाला. का नको, ते त्याला सांगता आलं नसतं. तो अण्णांच्या खाटेजवळ खाली बसला. गेले पन्नास दिवस त्याने इतक्या माणसांना बोलताना ऐकलं होतं, आणि स्वतः एक शब्द बोलला नव्हता.

"रोहिणीबद्दल सांगू?"

"सांग. पण मी रडणार नाही यावेळी," अण्णा बसक्या आवाजात म्हणाले. "माझ्या वाटणीचं झालं."

हेमंतने सांगायला सुरुवात केली. लग्न बावीस वर्षांचं. मूल झालं नाही, त्यावरून ती कधी बोलली नाही. चिंचेचं सार करायची. सुडोकू पेनाने सोडवायची, चुकलं की गिरवायची. तो सामानाची यादी वाचावी तसं सांगत गेला. अण्णा ऐकत होते. नसीम गेली नव्हती.

"ती गेली त्या दिवशी सकाळी केंद्रातून तिचा फोन आला होता," तो म्हणाला. "हे तुम्हाला सांगितलं नाही. सव्वासात वाजले असतील. मी दाढी करत होतो. तिला बोलायला दम लागत होता. म्हणाली, जरा थांब ना. मी म्हटलं, हाताला साबण आहे, नंतर करतो."

तो थांबला. हीच आठवण त्याने रोज काढली होती, त्या आठवणीने त्याला कधीच काही झालं नव्हतं. पण मोठ्याने ती पहिल्यांदाच सांगितली होती. पुढचं वाक्य तयार होतं, तोंडही उघडलं होतं, आणि आवाज येत नव्हता. त्याने तांब्या उचलला, दोन घोट पाणी प्यायला. घशात जे होतं ते जागचं हललं नाही.

नसीम चौकटीपासून एक पाऊल पुढे आली होती. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"अण्णा," हेमंतने कसंबसं विचारलं, "हे तेच आहे, की नुसता घसा बसलाय?"